रे साहेबांचे पूर्वज आणि मंडईतली रताळी

रताळ्यांचा ढीग ओट्यावर इतका उंच गेलाय की पलीकडे बसलेल्या आजींचं कपाळ आणि त्यावरचं ठसठशीत कुंकू एवढंच मला दिसतंय. नवरात्र चालू आहे. घरोघरी उपास, त्यामुळे महात्मा फुले मंडईच्या जुन्या दगडी इमारतीत आज पालेभाजीपेक्षा कंदमुळांची चलती आहे. रताळी, सुरण, अळकुड्या, बटाटे. आजी एक रताळं उचलतात, अंगठ्याने माती खरवडतात, टोक दाबून बघतात. दबलं तर मागच्या पाटीत भिरकावतात, नाही तर काट्यावर ठेवतात. हे सगळं माझ्याशी बोलता बोलता, रताळ्याकडे एकदाही न बघता.

"पाव किलो नका म्हणू ताई. उपासाच्या दिवसांत अर्ध्याच्या खाली काटा धरायला परवडत न्हाई."

मी एक किलो सांगते. मला आजींशी बोलायचं आहे, आणि मंडईत फुकट गप्पा मारणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

"ओ बाजू! बाजू! पाय सांभाळा!" डोक्यावर फ्लॉवरची पाटी घेतलेला एक हमाल मागून येतो. मी खांबाला चिकटून उभी राहते. खांबाचा दगड कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालाय आणि तेलकट काळा पडलाय. इतकी वर्षं माणसं अशीच हमालाला वाट देत त्याला चिकटत आली असणार. वर छताच्या सांगाड्यात पारव्यांची घुमघुम चालू आहे. बाहेरून टोकदार कळस दिसतो तो याच्याच मधोमध, अष्टकोनी मनोऱ्यावर. त्या मनोऱ्यापासून लांबलचक दालनं बाहेर फुटलेली. आत शिरलं की उन्हाळ्यातही गारवा लागतो.

इमारत 1886 ची. बांधणारे कंत्राटदार वासुदेव बापूजी कानिटकर. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. पावसात भाजीवाले भिजायचे आणि भाजी सडायची. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत खासगीवाल्यांच्या जागेवर तीन लाखांच्या घरात खर्च करून ही वास्तू उभी केली आणि तिला त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांचं नाव दिलं. लॉर्ड रे. पुढची पन्नासेक वर्षं पुणेकर भाजी आणायला रे मार्केटात जात होते.

"आमची सासू म्हणायची की, रे मारकीट," आजी सांगतात. "कुणी विंग्रज होता म्हणं."

"इंग्रज नव्हते ते."

"मग?"

"हॉलंडमध्ये जन्मले. पण घराणं स्कॉटलंडचं."

आजींचा हात पहिल्यांदाच थांबतो. "मग गाव कोणतं धरायचं त्यांचं?"

मराठी माणसाचा हा पहिला प्रश्न. नाव नंतर, जात मनातल्या मनात, पण गाव तोंडावर विचारायचं. आणि रे साहेबांच्या बाबतीत याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, याचीच तर मला गंमत वाटते.

डोनाल्ड जेम्स मॅके यांचा जन्म 1839 चा, हेग शहरातला. शिक्षण लायडनला, विषय कायदा. हॉलंडच्या सरकारी खात्यात नोकरी केली, तिथल्या संसदेत निवडून गेले. वडील तिथले बडे राजकारणी. म्हणजे हाडामांसाने डच माणूस. 1875 मध्ये स्कॉटलंडमधल्या थोरल्या पातीचा वंश खुंटला आणि लॉर्ड रे ही पदवी समुद्र ओलांडून या डच पातीकडे आली. वर्षभरात वडीलही गेले. डोनाल्ड अकरावे लॉर्ड रे झाले, इंग्लंडला जाऊन राहिले, आणि 1877 मध्ये त्यांनी रीतसर ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. नागरिकत्वाला आठ वर्षं होतायत तोच 1885 मध्ये ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून आले. परक्या देशातून आलेल्या माणसाला एवढ्या लवकर एवढी मोठी गादी मिळाल्याची उदाहरणं कमीच असतील. गंमत पुढेच आहे. ते इलाख्याचा कारभार बघत होते त्याच काळात, 1888 मध्ये, त्यांचे सख्खे चुलतभाऊ एनियास मॅके हॉलंडचे पंतप्रधान झाले.

"म्हंजी दोन्ही भाऊ सरकारातच," आजी निकाल देतात आणि पिशवी माझ्याकडे सरकवतात. पैसे घेताना त्यांना आणखी एक गिऱ्हाईक मिळतं. मी बाजूला होते, पण जात नाही. मोबाइलवर एक चित्र काढून ठेवलंय, ते मला त्यांना दाखवायचंय.

चित्र जर्मनीतलं आहे, 1631 च्या सुमारास छापलेलं. चार सैनिक एका ओळीत उभे. अंगावर चौकटीच्या कापडाचे घोळदार पोशाख. एकाजवळ धनुष्य, एकाच्या खांद्यावर लांब बंदूक. एक तर अनवाणीच. खाली जर्मन मजकूर. चित्रकाराला हे लोक नक्की कुठले ते कळलेलं नाही, तो त्यांना आयर्लंडचे म्हणतो. पण अभ्यासकांचा कयास असा की हे रे साहेबांच्या पूर्वजाच्या, मॅकेच्या पलटणीतले स्कॉटिश डोंगरी शिपाई असावेत. मजकुराचा आशय असा: माणसं काटक आहेत, थोडक्यात भागवतात, दिवसभरात कोसच्या कोस चालतात, आणि भाकरी मिळाली नाही तर कंदमुळं खातात.

आजी चष्मा वर सरकवून बघतात. "ह्यांनी काय खाल्लं म्हणता? रताळी?"

"रताळी नसतील. मुळं, कंद, मिळेल ते."

"दुष्काळात आमच्याकडंबी खाल्ली," आजी म्हणतात. "बहात्तरला."

आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सुरणाचा गड्डा कापून देतात.

हे शिपाई जमवणारा तो पहिला लॉर्ड रे. नाव तेच, डोनाल्ड मॅके. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला स्ट्रॅथनेव्हर नावाचं खोरं आहे. त्या मुलखाचा हा सरदार. 1626 मध्ये त्याने सुमारे तीन हजार माणसं गोळा केली, गलबतांत घातली आणि युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात नेऊन सोडली. आधी चाकरी डेन्मार्कच्या राजाची. त्या राजाने 1629 मध्ये तह करून अंग काढून घेतलं, तेव्हा पलटण स्वीडनच्या राजाकडे गेली. राजाचं नाव गस्टावस अडॉल्फस. त्याच्या झेंड्याखाली हे डोंगरी लोक जर्मनीभर लढले, लुटले, उपाशी राहिले आणि मेले. पेशवाईतले अरब आणि गारदी पुणेकरांना माहीत आहेत, हे त्याच जातीचे: देश एका राजाचा, तलवार दुसऱ्याची, पगार मिळाला तर मिळाला.

इथे माझं मन उगीच पुण्याकडे वळतं. 1630 च्या आसपासचा हाच काळ पुण्याचाही. मुरार जगदेवाने गाव जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली. त्याच सुमाराला दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म त्याच वर्षीचा. मी उभी आहे ती जागा त्या वेळी माळ असेल किंवा कुणाचं शेत. आणि अडीचशे वर्षांनी ज्याच्या वंशजाचं नाव इथे लागणार होतं तो माणूस बाल्टिक समुद्राच्या काठी स्वीडनच्या राजासाठी माणसं पुरवत होता.

त्यातून त्याच्या हाती काय लागलं? 1632 च्या नोव्हेंबरात ल्युट्झेनच्या लढाईत गस्टावस अडॉल्फस मारला गेला आणि लॉर्ड रे याचं येणं बुडालं. पलटण उभी करायला घरचा पैसा घातला होता. कर्ज फेडायला वाडवडिलांच्या जमिनी विकायला काढाव्या लागल्या. पुढे इंग्लंडच्या यादवीत तो राजाच्या बाजूने उभा राहिला, पकडला गेला आणि शेवटी डेन्मार्कच्या आश्रयाला जाऊन 1649 मध्ये परमुलखातच वारला. त्याचा एक नातू हॉलंडच्या सैन्यातल्या स्कॉटिश ब्रिगेडमध्ये गेला, तिथलीच मुलगी केली आणि तिथेच रुजला. मंडईच्या रे साहेबांची पाती ती. मागे राहिलेल्या थोरल्या पातीने 1829 मध्ये उरलासुरला मुलूखही विकून टाकला. वतन गेलं, पदवी तेवढी शिल्लक राहिली. 1885 मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरलेल्या लॉर्ड रे यांच्या नावात जे गाव होतं तिथे त्यांच्या घराण्याची जमीन नव्हती.

हे सगळं आजींना सांगण्यात अर्थ नाही. धंद्याची वेळ आहे, मागे रांग आहे, आणि तिथली एक बाई घड्याळ बघून माझ्याकडे डोळे वटारते आहे.

मी रताळ्यांची पिशवी घेऊन बाहेर येते. मंडईसमोर लोकमान्यांचा पुतळा. 1924 मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. हल्ली जवळच मेट्रोचं भुयारी स्टेशन आहे, 2024 पासून चालू झालेलं. त्याच्या जिन्यातून माणसांचे लोंढे वर येतात आणि उजेडात आल्यावर क्षणभर गोंधळून तुळशीबाग कुठल्या बाजूला ते शोधतात. पण या जागेची खरी ओळख म्हणजे इथला कट्टा, पुणेकर ज्याला मंडई विद्यापीठ म्हणतात. फी नाही, परीक्षा नाही आणि कुठल्याही विषयावर मत द्यायला पात्रता लागत नाही. मोठमोठ्या राजकारण्यांनी इथून भाषणं ठोकली. आज मात्र चारपाच म्हातारे आहेत, आणि त्यांच्यात चर्चा चाललीय ती झेंडूच्या भावाची.

त्यातले एक काका माझ्या ओळखीचे. चिंचवडला एसकेएफमध्ये, बेअरिंगच्या कारखान्यात उमेदीचा काळ घालवून निवृत्त झालेले. कंपनी स्वीडनची, मुख्यालय गॉथेनबर्गला. काका प्रशिक्षणासाठी तिथे जाऊन आलेले आहेत, आणि त्या एका दौऱ्यावर त्यांनी आजवर किती कप चहा उकळला असेल ते कट्टाच जाणे. मी गस्टावस अडॉल्फसचं नाव काढते आणि काका खुर्चीत असते तर उठून बसले असते.

"त्याचा पुतळा बघितलाय मी! भर चौकात. हॅटमध्ये पीस, पायात गुडघ्यापर्यंत बूट, आणि असं बोट खाली." काका उभे राहून दाखवतात. उजवा हात पुढे, तर्जनी जमिनीकडे. "म्हणतो, शहर इथे बसवा. मला तिथल्या सुपरवायझरने सांगितलं. 1621 साली बसवलं त्याने गॉथेनबर्ग."

"आपल्याकडे जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवला," शेजारचे गृहस्थ म्हणतात.

"तेच म्हणतो मी. त्यांनी बोटावर भागवलं."

कट्टा हसतो. मग मी रे साहेबांच्या पूर्वजाची हकिगत सांगते. काका लक्ष देऊन ऐकतात, आणि सगळं झाल्यावर म्हणतात, "म्हणजे राजा मेला आणि बिल थकलं. स्वीडनवाल्यांनी आमचा पगार मात्र एकदासुद्धा थकवला नाही हो."

शेजारच्या गृहस्थांना रे म्हटल्यावर वेगळंच आठवतं. "क्रॉफर्ड प्रकरणातले ना?" या कट्ट्याचं हे बरं आहे. कुणाला काय माहीत असेल सांगता येत नाही. हो, तेच. आर्थर क्रॉफर्ड हा मध्य विभागाचा आयुक्त, मुक्काम पुणे. हवी ती जागा मिळवायला किंवा बदली टाळायला मामलेदारांनी त्याच्या दलालांना पैसे चारायचे, असा बाजार मांडलेला. 1888 मध्ये रे यांनी त्याला निलंबित करून चौकशी लावली. मामलेदारांना अभय देऊन साक्षी घेतल्या. चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डला सोडलं, पण लोकांकडून कर्ज उचलल्याबद्दल त्याची नोकरी गेली. आणि ज्यांनी अभयाच्या भरवशावर खरं सांगितलं होतं त्या मामलेदारांवरच बालंट आलं. त्यांची बाजू घेऊन उठले ते समोर पुतळ्यात उभे आहेत ते टिळक. आपल्याच जातीच्या बड्या अधिकाऱ्याला हात घालण्याचं धाडस रे यांनी केलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. उपरेपण इथे उपयोगी पडलं असावं असं मला वाटतं. क्लबातले जुने लागेबांधे त्यांना नव्हते. दिलेला शब्द मामलेदारांच्या बाबतीत सरकारला पूर्ण पाळता आला नाही, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

आता दैवाचा खेळ बघा. याच क्रॉफर्डच्या नावाचं मार्केट मुंबईत, 1869 चं. त्याला पकडणाऱ्याच्या नावाचं मार्केट पुण्यात. आज दोन्हींचं नाव एकच आहे: महात्मा फुले मंडई.

पुण्यातला बदल आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने झाला, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, ते नगरपालिकेत होते तेव्हा. रे यांच्या नावाचं औद्योगिक संग्रहालयही होतं. घोले रस्त्यावरचं ते संग्रहालय आता महात्मा फुले वस्तुसंग्रहालय आहे. लाचेचा आरोप असलेल्या आयुक्ताला घालवलेल्या आणि मुंबईत 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहत असताना तिच्या पाठीशी असलेल्या माणसाच्या नावाचं मुंबईच्या लोकलवर मात्र अजून एक स्टेशन आहे. हार्बर मार्गावरून जाणारे लाखो लोक रे रोड म्हणतात आणि कोण हा रे, असं कुणी विचारत नाही.

"फुल्यांचं नाव दिलं ते बरोबरच," काका म्हणतात. "भाजीवाल्यांचा माणूस."

बरोबर आहे, पण यात एक मेख आहे, आणि ती कट्ट्यावर टाकल्याशिवाय मला राहवत नाही. जोतीराव 1876 पासून काही वर्षं नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईचा हा खर्च पुढे आला तेव्हा विरोध केला तो त्यांनी आणि हरी रावजी चिपळूणकरांनी. एवढा पैसा दगडविटांत घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं होतं. जोतीराव स्वतः कंत्राटदार. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला दगड पुरवलेले. बांधकामात पैसा कुठे मुरतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिच्यावरच त्यांचं नाव आहे.

कट्ट्यावर एकदम दोन तट पडतात. एक म्हणतो, मग नाव काढा. दुसरा म्हणतो, काढायचं काय, हीच तर शिक्षा आहे नगरपालिकेला. काका मधल्या मध्ये चहा मागवतात.

चहा येईपर्यंत मी पुन्हा आत एक फेरी मारते. आजींची रांग ओसरलीय. त्या पाण्याचा तांब्या तोंडाला न लावता वरून पितायत.

"मघाशी गाव विचारत होता ना आजी. फुल्यांचं माहितीये?"

"खानवडी. आमचं सासवडच्या बाजूचं, म्हायेराला जाताना पाटी लागती की."

"त्याच्याही आधीचं?"

आजी मान हलवतात. मी सांगते. मूळ साताऱ्याकडचं कटगुण. आडनाव गोऱ्हे. पणजोबा गावचे चौगुले. कुलकर्ण्याशी वैर झालं, प्रकरण जिवावर गेलं आणि कुटुंबाला गाव सोडावं लागलं. तिथून खानवडी. आजोबा शेटीबा पोरंबाळं घेऊन पुण्यात आले. मुलं फुलांच्या धंद्यात पडली, पेशव्यांकडे फुलं पुरवू लागली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. वडील गोविंदराव भाजी विकायचे, इथेच, याच पुण्यात.

"म्हंजी आमच्यासारखंच," आजी म्हणतात. त्यांच्या सासऱ्यांनी दुष्काळात बैल विकून पुणं गाठलं होतं. आधी रस्त्यावर पाटी, मग दुसऱ्याच्या ओट्यावर अर्धी जागा, मग हा ओटा. आता नातू शेजारी बसतो. तो कॉमर्सला आहे आणि मोबाइलवर पैसे आल्याची घोषणा झाली की आजीला बोट दाखवून खूण करतो. "ह्यो काय बसायचा न्हाई इथं. कंपनीत जाणार म्हणतो."

मला मघापासून हेच दिसतंय. मंडईच्या कपाळावर आधी एक नाव लागलं, मग दुसरं. दोन्ही गाव सुटलेल्या घराण्यांची. एकाच्या पूर्वजाने परक्या राजासाठी तलवार उचलली, घर कर्जात घातलं, आणि वंशजाला राजवाडा मिळाला. दुसऱ्याच्या पूर्वजाने अपमान सोसला नाही म्हणून रातोरात वाट धरली, आणि वंशजाने शाळा काढल्या. रे यांना मूल नव्हतं. 1921 मध्ये ते वारल्यावर पदवी पुन्हा डच चुलत घराण्याकडे गेली. फुल्यांना मूल नव्हतं, त्यांनी काशीबाईचा यशवंत दत्तक घेतला. रे यांच्यापेक्षा फुल्यांचा हक्क या इमारतीवर मोठा आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. गोविंदरावांनी पुण्यात भाजी विकली, रे यांनी विकली नाही, एवढं कारण मला पुरेसं आहे. पण फुल्यांचा विरोध आपण नावाखाली गाडून टाकला, तो बरा नव्हे. ते म्हणत होते तेही खरं होतं आणि इमारत चांगली झाली हेही खरं आहे. त्या तीन लाखांच्या शाळा झाल्या असत्या तर आजींना पाटी वाचता आली असती, कदाचित आणखी दोन पिढ्या आधीपासून.

म्हणून महानगरपालिकेला एक विनंती. मंडईच्या आत, मनोऱ्याखाली, ओट्यावर बसल्या जागेवरून दिसेल असा एक मोठा फलक मराठीत लावा. त्यावर कानिटकरांचं नाव घाला, 1886 घाला, या इमारतीला जोतीराव फुल्यांनी का विरोध केला ते स्वच्छ शब्दांत घाला, आणि आधीचं नाव रे मार्केट होतं हेही घाला. फुल्यांच्या नावापुढे गाव लिहा कटगुण. रे यांच्या नावापुढे लिहायचंच झालं तर स्ट्रॅथनेव्हर लिहा. हेग, लंडन आणि मुंबई ही त्यांच्या मुक्कामाची ठिकाणं होती.